पाचवं माप

विमान उतरून गार होईपर्यंत थांबायचं,
मग गोणपाट अंथरून उताणं
त्याच्या पोटाखाली सरकायचं.
हे माझं काम. शनिवारी दुपारी,
दाबोळीच्या पठारावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
आईच्या जुन्या चादरीचं फडकं
आणि रॉकेलचा डबा घेऊन.

विमान माझ्याहून बावीस वर्षांनी मोठं.
दोन सीट, लाकडाचा पंखा, कापडाचं अंग.
इंजिनाखालच्या एका नळीतून ते तेल ओकतं,
आणि वारा ते तेल शेपटीपर्यंत ओढत नेतो.
त्यावर खनिजाची धूळ बसते,
मुरगावच्या धक्क्यावरून उडून आलेली,
तांबडी, नाचणीच्या पिठाइतकी बारीक.
आठवड्याभरात पोटावर नदी तयार होते
उपनद्यांसकट.
झुवारीचा नकाशा म्हणून शाळेत खपली असती.

विमान कुंकळ्येकरांचं.
ते वाकून बघायचे, पँटला डाग लागणार नाही
इतपतच वाकून.
एकदा म्हणाले, बूच मारून टाकू या त्या नळीला.
इनासमाम चहात पाव बुडवत होता.
"मारा," म्हणाला. "एक तुमच्याही तोंडाला मारू.
मग बघू वारा कुठनं निघतो."
साहेब हसले नाहीत.
पाव संपल्यावर त्यानं सावकाश सांगितलं:
ही नळी म्हणजे त्याचा श्वास.
आत वाफ कोंडली तर पंख्यामागचं सील फोडून
सगळं तेल नाकातून येईल,
आणि तेव्हा खाली समुद्र असेल.

मग आम्ही बरंच काही केलं.
नळीला वीतभर रबर जोडलं,
टोक तिरकं कापलं,
वाऱ्याकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ.
नदीनं फक्त उगम बदलला.
एकदा जमिनीवरच इंजिन चालवून
नळीखाली फेणीची रिकामी बाटली धरली.
मळकट, दुधाळ असं काहीतरी थेंब थेंब साचलं.
इनासमामनं वास घेतला, म्हणाला,
"फेणीच बरी होती."

शेवटी त्यानं मला वही दिली.
प्रत्येक उड्डाणानंतर पट्टी बाहेर काढायची,
पुसायची, परत घालायची, परत काढायची,
आणि तेल कुठवर आलं ते लिहायचं.
पावसाळा संपल्यापासून नाताळपर्यंत लिहिलं.
पाच मापं भरली की तासाभरात साडेचार.
मग चार.
मग चारच. दुसऱ्या दिवशी चार, पुढच्या रविवारी
चाराला केसभर कमी.

त्याला पाचवं माप नकोच होतं.
आम्हीच दर वेळी पंगतीत आग्रह करावा तसे
पानावर हात आडवा धरलेल्याला
जिलबी वाढत होतो.

आता चार भरतो. त्याखाली जाऊ देत नाही.
नदीचा ओहोळ झाला,
ओहोळाची बोटभर रेघ.
ती रेघ राहिली. ती मी पुसते.

गेल्या शनिवारी, चाकांच्या मागे,
जिथं इतकी वर्षं धूळ-तेलाचा थर होता
तिथं घासताना एक चौकोन हाताला लागला.
कापडाला ठिगळ. रंगाखाली टाके,
आणि कोपऱ्यात ब्रशच्या टोकानं काढलेली
दोन बारीक अक्षरं आणि साल.
मी हाक मारली.
"किदें जालें गो?" म्हणत
इनासमाम खोकत खोकत माझ्या शेजारी गोणपाटावर आला,
बहुतेक खूप वर्षांनी उताणा,
आणि बराच वेळ वर बघत राहिला.
"वाकडी आलीय शिवण," म्हणाला.
"तेव्हाच उसवायला हवी होती."

मग माझ्या हातातलं फडकं घेऊन
त्यानं त्या टाक्यांवरून एकदाच हात फिरवला,
ते मला परत दिलं.
"कडेला राहिलंय बघ."